अडीचशे रुपये आणि सहा भेटी

बाळ दवाखान्यात जन्मलं की गावच्या आरोग्य कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईंच्या वहीत सहा तारखा पडतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. दर वेळी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, नाळेची जागा बघायची, बाळ नीट पितंय का हे आईशेजारी बसून पाहायचं. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. हे सगळं पार पडलं की या कामाचा केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. सहा भेटींनी भागले तर भेटीमागे बेचाळीस रुपयेही पुरते होत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे निघालं की वाटेत पासली हे गाव लागतं. इथून कोकणचा कडा जवळ, त्यामुळे पाऊस मुबलक. भातखाचरं, डोंगरउतार आणि एकमेकींपासून लांब पडलेल्या वाड्या, धनगरवाडे. आवणीच्या दिवसांत अशा एखाद्या वाडीवरच्या बाळंतिणीचं घर गाठायचं तर बांधावरून चिखल तुडवत जावं लागतं. पुणे-सातारा रस्त्यालगतच्या दाट वस्तीत एका सकाळी तीन घरं होऊ शकतात, इथे एक झालं तरी खूप. दर मात्र तोच. शिवाय वस्ती विरळ म्हणजे जन्म कमी, लशीची मुलं कमी, म्हणून मोजून मिळणारा पैसाही कमी. जिथे चाल जास्त तिथे कमाई कमी, हा हिशेब आकारणीच्या पद्धतीतच बसलेला आहे.

तरी आशाताई जातात. का जातात, हे समजून घ्यायला मानसशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगाकडे जावं लागेल.

१९७१ साली एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सोमा ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. दुसऱ्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले. डेसीचं लक्ष होतं ते मधल्या मोकळ्या वेळावर. प्रयोग घेणारा काही मिनिटं खोलीबाहेर जाई. शेजारी मासिकं ठेवलेली असत, मुलांनी हवं ते करावं. ज्यांना आधी पैसे मिळाले होते, ते आता ठोकळ्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागले. आवडीने होणारं काम पैशासाठीचं झालं आणि पैसा गेला तशी आवडही ओसरली. कौतुकाचे शब्द मिळालेल्या विद्यार्थ्यांचा कल मात्र उलटा दिसला, त्यांची गोडी टिकली.

२०१० मध्ये कोउ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी हेच मेंदूच्या स्कॅनरमध्ये पाहिलं. खेळ साधा होता, स्टॉपवॉच बरोबर पाच सेकंदांवर थांबवायचं. बक्षीस मिळाल्यावर सुखावणारा मेंदूच्या खोल भागातला स्ट्रायटम खेळ जमला की उजळायचा, पैसे असोत वा नसोत. पैसे देऊन मग बंद केलेल्या गटात मात्र तो पुढच्या फेरीत थंडावला. पैसे कधीच न मिळालेल्यांचा मेंदू तेव्हाही नुसत्या जमण्यावर खूश होता. डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा १२८ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. ‘अमुक केलंस तर तमुक देईन’ असं आधी कबूल केलेलं बक्षीस आंतरिक प्रेरणा पोखरतं, हा त्यातला निष्कर्ष. त्यावर वाद झाले, अजून होतात.

इथे एक फसवी पळवाट आहे आणि ती वारंवार वापरली जाते. पैशाने सेवाभाव मरतो, मग सेवाभावी माणसाला पैसे कमीच द्यावेत! ‘आशा स्वयंसेविका’ या नावातच तो विचार आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा ही कर्मचारी नव्हे, गावाने निवडलेली कार्यकर्ती ठरली. पगार नाही, कामागणिक प्रोत्साहन भत्ता. माझ्या मते विज्ञानाचा हा अर्थ साफ चुकीचा आहे. प्रयोगांतल्या विद्यार्थ्यांच्या घरची चूल त्या एका डॉलरवर पेटत नव्हती.

शिवाय पैसा किती आणि कसा दिला जातो, याला महत्त्व आहे. युरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलं घरोघर देणगी गोळा करत होती. एका गटाला जमलेल्या रकमेच्या एक टक्क्याइतका मोबदला, एकाला दहा टक्के, एकाला काहीच नाही. सर्वांत कमी निधी एक टक्केवाल्यांनी जमवला. दहा टक्केवाल्यांनी त्यांच्याहून बराच जास्त आणला, पण काहीच न मिळणारे सर्वांत पुढे राहिले. तुटपुंजा भाव दोन्हीकडून बुडवतो. कामाला किंमत लावून तो त्यातली आपुलकी हिरावतो, आणि पोट भरण्याइतका नसल्यामुळे पैसा म्हणूनही कामाचा नसतो.

कामागणिक दराचा दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. जे मोजता येतं त्यालाच दर लागतो. लस टोचली, नोंद झाली, पैसे लागू. पण सासूला समजावण्यात गेलेली संध्याकाळ, रात्री कळा सुरू झाल्यावर गाडीसाठी केलेले फोन, बाळ दगावलं त्या घरी नुसतं बसून राहणं, याला वहीत रकाना नाही. पासलीसारख्या भागात आशाताईंच्या कामाचं मोल याच गोष्टींमध्ये जास्त आहे.

बाह्य मोबदल्याखेरीज काय बळ देतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सहा भेटींची ही पद्धत मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाचा श्वास, ताप, जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. त्या स्त्रियांच्या हाती कौशल्य होतं आणि ते वापरायची मुभा होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रियांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. त्यांना नियमित एकत्र आणून नवं शिकवणं, अडलेल्या गोष्टींवर बोलणं हा त्या कामाचा कणा होता. डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात आंतरिक प्रेरणेला तीन गोष्टी लागतात. आपल्या हाती निर्णय, आपल्याला जमतं ही खात्री आणि आपली माणसं. जामखेडच्या बैठकीत या तिन्ही होत्या.

म्हणून नुसतं कौतुकही पुरत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, त्याचा आनंद खराच होता. पण त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या होत्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा गेल्या. त्यानंतर राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ही रक्कम मोजून नव्हे, ठरावीक मिळते, आणि मला तोच तिचा मोठा गुण वाटतो. पायाखाली ठरलेला पैसा असला की बाळंतिणीच्या दारात उभी असलेली बाई भेटीचा दर मनात धरत नाही.

झांबियाने २०१० मध्ये गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमताना काही जिल्ह्यांत जाहिरातीतच बढतीची वाट दाखवली, इतर जिल्ह्यांत फक्त समाजसेवेची हाक दिली. पहिल्या प्रकारे आलेल्यांनी घरभेटी २९ टक्के जास्त केल्या, आणि सेवेची ओढ त्यांच्यात कमी नव्हती. आपल्याकडे आशाताईंच्या वरची पायरी म्हणजे गटप्रवर्तक, तीही कंत्राटी. परिचारिकेच्या शिक्षणात अनुभवी आशांना राखीव जागा, डोंगरी वाडीवरच्या भेटीला अंतरानुसार वेगळा दर आणि मोबदला ठरल्या तारखेला, एवढं झालं तर पासलीच्या वरच्या वाडीवरची बेचाळिसाव्या दिवसाची भेट कुणाच्या पदरमोडीवर उभी राहणार नाही.