मोडकी बाज चुलीत घालू नका

आपला नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) कोरड्या हवेचा. बांधावर बाभूळ, म्हणून बाजही बहुधा बाभळीची. ती डुगडुगली की आपण म्हणतो, "गेली कामातून." पण पुष्कळदा लाकूड शाबूत असतं, ते वाळून आकसल्यानं कुसू सैल झालेला असतो. वैशाखात, कामं कमी असताना, ही दुरुस्ती घरीच करावी.

१) दोरी सोडा. सांध्यांत उकळतं पाणी ओता. ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. आठ दिवसांनी पुन्हा ओता. मग बाज उन्हात खडखडीत वाळवा.

२) दाभण टोचून पाहा. पांढरं पीठ गळतं तो बाहेरचा कच्चा भाग तासून काढा. आतला तांबूस गाभा टणक असेल तर दांडी चालेल. दाभण सहज आत गेलं, तर तेवढी एकच दांडी बदला. नवी दांडी पुरती वाळलेली हवी. ओली पुढं आकसते नि सांधा पुन्हा हलतो.

३) सांध्यात वाळल्या लाकडाची पाचर ठोका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती अधिक घट्ट बसते.

४) जवसाचं तेल पातळ चोळा, पुरतं वाळू द्या, मग सुतळी विणा. तेलाचं फडकं चुरगळून ठेवू नका, ते आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा.

खर्च काय तो सुतळीचा नि तेलाचा.

महत्त्वाचे : ढेकणांसाठी शेतातलं कीटकनाशक बाजेवर कधीही मारू नका. त्याच बाजेवर लेकरं रात्रभर निजतात. विष कातडीतून नि श्वासातून अंगात भिनतं.