निवृत्त सैनिक आणि घरांतील बंदूक

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत सैन्यांतून परतलेल्या कित्येकांना बँकेच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी मिळते, आणि तिच्यासाठीं परवान्याची बाराबोरी बंदूक घरीं येते. बराकींत काम संपतांच शस्त्र शस्त्रागारांत जमा होई. घरीं मात्र तें खुंटीला टांगलें जातें. धन्याचा हात सरावाचा खरा, पण नातवाचा नसतो! शिवाय दुःखाच्या भरांत मनुष्य स्वतःच्या जिवावर उठतो, तो आवेग बहुधा अल्पकाळचा असतो. कुलूप काढण्यास लागणारा वेळ त्याला ओसरूं देतो.

शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनीं परवानेदारावर टाकली आहे. पण नियम वाचतो कोण? अमेरिकेंत निवृत्त सैनिकांसाठीं याविषयीं जाहीर संदेश प्रसृत होतात. आकाशवाणीवरून येथें तसा संदेश द्यावयाचा, तर त्यांत धाक नसावा, बराकींतील शिस्तीची आठवण असावी: बंदूक रिकामी करून कुलुपांत, काडतुसें निराळ्या पेटींत, किल्ली स्वतःपाशीं. बोलणारा एखादा जुना सुभेदार असावा. साहेबाच्या आवाजापेक्षां त्याचा आवाज अधिक पटेल. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यांत जमा करतांना कोणास कमीपणा वाटत नाहीं. मन खचलें असतांही वाटूं नये, हेंही त्यानेंच सांगावें. शेवटीं टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली असून तेथें मराठींतून बोलतां येतें.