मृतसाठा आणि मेमरी

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शहराची तहान भागवणारे धनेगावचे मांजरा धरण आटले होते. घरोघरचे नळजोड मात्र शाबूत होते. नळजोड म्हणजे पाणी नव्हे, पाण्याचे आश्वासन. हा फरक मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. संगणकाच्या मेमरीचा एक अवघड प्रश्न नेमका याच फरकापाशी उभा आहे.

सी भाषेतला प्रोग्राम चालता चालता ‘मॅलॉक’ या फंक्शनकडे जागा मागतो. जागा असली तर तिचा पत्ता मिळतो, नसली तर ‘नल’ मिळते, म्हणजे कोणताच पत्ता नाही. उत्तर न पाहता तिथे लिहायला गेले, की प्रोग्राम बहुधा जागीच कोसळतो. म्हणून दर मागणीनंतर उत्तर तपासावे, हा पहिला धडा. खरी कसोटी त्यापुढची आहे. पाच जागांपैकी तीन मिळाल्या आणि चौथीला नकार आला, तर आधीच्या तिन्ही परत कराव्या लागतात, अर्धवट काम निस्तरावे लागते आणि ज्याने काम सांगितले त्याला नकार स्वच्छ कळवावा लागतो.

लिनक्समध्ये गुंतागुंत वाढते. तिथे मॅलॉकने होकार दिला तरी जागा खरोखर बाजूला काढलेली असेलच असे नाही. प्रोग्राम पत्त्यावर पहिल्यांदा लिहितो, तेव्हा प्रत्यक्ष मेमरीचे पान त्याच्या नावे लागते. बहुतेक प्रोग्राम मागतात त्याहून कमी वापरतात, या हिशेबावर शिल्लक साठ्यापेक्षा जास्त होकार वाटले जातात. एरवी हे छान चालते. सगळेच एकदम वापरायला निघाले, की आधी दिलेला होकार मागे घेता येत नाही. मग ‘ओओएम किलर’ पुढे येतो. तो मुख्यतः कोण किती मेमरी अडवून बसला आहे हे पाहतो, बळी निवडतो आणि त्याला संपवतो. ज्याने शेवटची मागणी केली तोच बळी ठरतो असे नाही. दिवसभर निमूट काम करणारा मोठा डेटाबेसही जाऊ शकतो. व्यवस्थापकाला एखाद्या प्रोग्रामचा गुण उणे १०००पर्यंत उतरवून त्याला अभय देता येते. पण अभय सर्वांना देता येत नाही.

दुसरा मार्गही लिनक्समध्येच आहे. ‘ओव्हरकमिट’ची मांडणी २वर ठेवली, की ठरलेल्या मर्यादेबाहेर होकार दिला जात नाही. त्यात थोडी मेमरी वापराविना पडून राहते आणि कदाचित निभावले असते अशाही मागण्या फेटाळल्या जातात. मात्र नकार मागतानाच कळतो. शिवाय कर्नल थोडी मेमरी कायम राखून ठेवते, कारण मेमरी मोकळी करण्याच्या कामालाही मेमरी लागते. धरणातल्या मृतसाठ्याची मला इथे हटकून आठवण होते.

नकाराची वाट क्वचितच चालली जाते, म्हणून तिथल्या चुका वर्षानुवर्षे दडून राहतात. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते ती वाट मुद्दाम चालून पाहतात. चाचणीत पहिली मागणी फेटाळायची, मग दुसरी, मग तिसरी. दर वेळी माहिती शाबूत राहिली का, हे तपासायचे. २०२१मध्ये रस्ट भाषा लिनक्सच्या कर्नलमध्ये आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांचा एक मुख्य आक्षेप हाच होता: मेमरी मिळाली नाही म्हणून कर्नलनेच मान टाकणे चालणार नाही.

शेतातल्या मोटारीवर लक्ष ठेवणाऱ्या लहान यंत्रांसाठी मी प्रोग्राम लिहितो. आर्डुइनो उनोवर अवघी २ किलोबाइट मेमरी असते. तिथे लागेल तेवढी जागा मी सुरुवातीलाच नेमून देतो. मध्येच मागणी नाही, म्हणून मध्येच नकारही नाही. मोठ्या संगणकावर ही चैन परवडत नाही, कारण तिथे उद्या कोण किती मागेल हे आज ठाऊक नसते.

धरणांचे नियोजन करताना पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमधला साठा मोजतात, पिण्याचे पाणी आधी राखतात आणि मग शेतीच्या पाळ्या ठरवतात. नांदेडच्या विष्णुपुरीवर शहर आणि शिवार दोन्ही विसंबून आहेत. तिथे हा हिशेब चुकवून भागत नाही. ऑक्टोबरातला नकार कटू लागतो, पण त्यानंतर पीक बदलायला अवधी उरतो. एप्रिलमध्ये कळलेल्या नकारावर रेल्वेची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही. संगणकाचेही तसेच आहे. म्हणून खोट्या होकारापेक्षा वेळेवरचा नकार मला अधिक माणुसकीचा वाटतो.