श्रद्धा, रूपक आणि आस्वाद : ‘यात्रिकक्रमण’च्या निमित्ताने

ख्रिस्ती श्रद्धेतून निर्माण झालेल्या अद्भुत कथेचा आस्वाद घेण्यासाठी वाचक ख्रिस्ती असावा लागतो काय, हा प्रश्न दिल्लीतील तौलनिक साहित्याच्या वर्गात आज बहुधा सी. एस. लुइसच्या नार्नियाकथांच्या (१९५०-५६) संदर्भात उपस्थित होईल. मराठीत तो बराच जुना आहे. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा (१६७८) हरि केशवजी यांनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१ सालचा. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’च्याही (१८५७) आधीचा.

तो काळ अशा वाचनास अनुकूल नव्हता. १८३९ मध्ये मुंबईतील पारशी तरुणांच्या धर्मांतराचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. अशा वातावरणात मिशनऱ्यांच्या प्रिय ग्रंथाचे वाचन ही केवळ अभिरुचीची बाब राहू शकत नव्हती.

रूपकाची रीत मात्र येथे परिचित होती. कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदया’त विवेक आणि महामोह ही पात्रेच आहेत. एकनाथांच्या भारुडातील विंचू श्रोत्यास आधी डसतो, त्याचा आध्यात्मिक अर्थ मागाहून उलगडतो. या संस्कारामुळे बन्यनच्या कथेत शिरण्याची वाट मराठी वाचकापाशी आधीच तयार होती.

या कथेतील संशयाच्या किल्ल्याचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. निराशा नावाचा राक्षस दोघा यात्रिकांना कोंडतो, मारतो, आत्मनाशाचा सल्ला देतो. सुटकेची किल्ली नायकाच्या छातीशीच असते; तिचे नाव ‘वचन’, आणि तोच ती विसरलेला असतो. जवळचे साधन निराशेत दिसेनासे होणे हा कोणत्याही वाचकाच्या ओळखीचा अनुभव होय. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या तत्त्वाने त्याची उपपत्ती लागते. परंतु वचन देणारा ईश्वर आहे, म्हणूनच किल्लीने कुलूप उघडते. हे वगळल्यास प्रसंगाचा केवळ धीर न सोडण्याचा उपदेश उरतो आणि कथेचे बळ ओसरते. अन्यधर्मीय वाचकाने ती श्रद्धा स्वीकारण्याची आवश्यकता नसते. कथाविश्वाचा नियम म्हणून ती समजून घेणे पुरेसे ठरते.

आस्वादात असहमतीलाही स्थान असते. बन्यनचा नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून पळतो. संन्यासाच्या कथांवर पोसलेल्या वाचकास हे दृश्य ओळखीचे वाटेल, आणि मागे राहिलेल्यांचा प्रश्नही त्यास सुटणार नाही. १६८४ मधील दुसऱ्या भागात बन्यनने त्याच बायकोमुलांना यात्रेस पाठविले; जणू तो प्रश्न कथेच्या पोटातच होता.

म्हणून अशा कृतीच्या अध्यापनात धर्मविचार तळटीपेत ढकलणे इष्ट नव्हे. तो आधी नीट समजावून दिला, तर मान्य करणे अथवा नाकारणे ही वाचकाची स्वतःची, जाणतेपणाने केलेली निवड राहते. १८४१ च्या मराठी वाचकापुढेही हीच निवड होती. तिची किंमत मात्र त्यास अधिक मोजावी लागली असती.