वेब एपीआयला रिक्वेस्ट पाठवणारा ऑब्जेक्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने वेब एपीआयला रिक्वेस्ट पाठवणारा कोड दिसायला अगदी सोपा असतो. क्लायंटचा एक ऑब्जेक्ट तयार करायचा, त्याची ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ मेथड कॉल करायची, की रिस्पॉन्सचा ऑब्जेक्ट हाती येतो. दोन आकड्यांची बेरीज करणारी मेथड आणि हजार मैलांवरच्या सर्व्हरशी बोलणारी मेथड, दोन्ही एकाच ओळीत मावतात आणि सारख्याच दिसतात. बहुतेक गैरसमज या दिसण्यातूनच जन्मतात. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच एका टिपणात बजावले होते की, जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा मानून प्रणाली उभारू नये, कारण दोघांचे बिघडण्याचे प्रकार मुळातच वेगळे असतात.

पहिला गैरसमज असा, की ऑब्जेक्ट सर्व्हरपर्यंत जातो. प्रत्यक्षात जातात ते फक्त बाइट. एचटीटीपी १.१ मध्ये तर ते वाचता येण्याजोगे असतात: पहिल्या ओळीत मेथडचे नाव, पत्त्यातला मार्ग आणि आवृत्ती, खाली ओळीला एक याप्रमाणे हेडर, मग एक कोरी ओळ आणि शेवटी बॉडी असली तर बॉडी. क्लास, इनहेरिटन्स, प्रायव्हेट फील्ड हे सारे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीतच राहते. म्हणून पीएचपीतला क्लायंट जावातल्या सर्व्हरशी विनातक्रार बोलतो. एपीआय ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ असल्याशिवाय असा कोड लिहिता येत नाही, ही समजूतही त्यामुळे निराधार ठरते.

दुसरा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो: एक्सेप्शन आले नाही, म्हणजे काम झाले. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीत सर्व्हरने ४०४ किंवा ५०० पाठवले तरी ‘गेट’ मेथड एक्सेप्शन टाकत नाही. तिच्या दृष्टीने रिक्वेस्ट गेली, उत्तर आले, व्यवहार पुरा झाला. अपयश एक्सेप्शनच्या रूपात हवे असेल, तर रिस्पॉन्सवर ‘रेझ फॉर स्टेटस’ ही मेथड कॉल करावी लागते. पायथनच्याच मूळ लायब्ररीतले ‘यूआरएल-ओपन’ मात्र त्याच ४०४ वर एक्सेप्शन टाकते. पीएचपीतही असेच आहे. पीएसआर-१८ या प्रमाणकानुसार क्लायंटने ४०० किंवा ५०० च्या घरातल्या उत्तरांवर एक्सेप्शन टाकायचे नसते, पण ‘गझल’ लायब्ररीच्या नेहमीच्या ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ मेथड ते टाकतात. एका लायब्ररीची सवय दुसरीवर लादली, की चुकीच्या उत्तराचाच मजकूर डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. कोड लिहिण्याआधी त्या लायब्ररीचा हा एक नियम वाचून घेणे अत्यावश्यक आहे.

प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवा क्लायंट तयार करणे हीच स्वच्छ रीत, असेही अनेकांना वाटते. काम झाले की ऑब्जेक्ट टाकून द्यावा, हा संस्कार इतरत्र योग्य असला तरी इथे महागात पडतो. क्लायंटच्या पोटात उघडी कनेक्शने राखून ठेवलेली असतात. दर वेळी नवा क्लायंट म्हणजे दर वेळी नवे टीसीपी कनेक्शन आणि एचटीटीपीएस असेल तर सुरक्षित जोडणीची वाटाघाटही पुन्हा पहिल्यापासून. शिवाय जी बाजू कनेक्शन आधी बंद करते, तिच्याकडे ते ‘टाइम-वेट’ अवस्थेत काही काळ अडकून राहते. लिनक्सवर ही मुदत ६० सेकंदांची असते आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी नेहमीच्या मांडणीत सुमारे २८ हजार पोर्ट उपलब्ध असतात. गर्दीच्या वेळी ते संपले, की सर्व्हर ठणठणीत असूनही रिक्वेस्ट बाहेर पडेनाशी होते. डॉटनेटच्या ‘एचटीटीपी-क्लायंट’ क्लासबाबत ही चूक इतकी सर्रास झाली, की २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ बरोबर खास फॅक्टरी द्यावी लागली. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये हेच काम ‘सेशन’ ऑब्जेक्ट करतो. उलट टोकही धोक्याचे आहे. एकच कनेक्शन दिवसेंदिवस उघडे ठेवले, तर सर्व्हरचा आयपी पत्ता बदलल्याचे क्लायंटला कळत नाही. क्लायंट टिकाऊ असावा, पण त्यातल्या कनेक्शनांना वयोमर्यादा असावी.

टाइमआउट लायब्ररी आपसूक सांभाळते, हा भरवसाही अनाठायी आहे. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये टाइमआउट दिला नाही, तर ती स्वतःहून कोणतीही मर्यादा घालत नाही. ‘गझल’मध्ये न दिलेल्या टाइमआउटची किंमत शून्य असते आणि तिथे शून्याचा अर्थ अमर्याद असा होतो. डॉटनेटमध्ये ही मर्यादा १०० सेकंदांची आहे. आकडा दिला तरी त्याचा अर्थ तपासावा लागतो. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये ५ सेकंद म्हणजे संपूर्ण कामाला ५ सेकंद नव्हेत. कनेक्शन जुळेपर्यंत ५ आणि पुढे प्रत्येक वेळी नवे बाइट येईपर्यंत ५, असा तो हिशेब आहे. सर्व्हरने दर ४ सेकंदांना एकेक बाइट सोडला, तर हा टाइमआउट कधीच लागणार नाही.

आणि टाइमआउट लागला म्हणजे सर्व्हरवर काहीच घडले नाही, असेही नाही. रिक्वेस्ट पोचली, पैसे वळते झाले, फक्त पावती परत येताना हरवली, असे होऊ शकते. त्यामुळे ‘चुकले की पुन्हा पाठवा’ असा सरसकट नियम घालता येत नाही. जून २०२२ मधल्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या प्रमाणकानुसार ‘गेट’, ‘पुट’ आणि ‘डिलीट’ या मेथड एकदा चालवल्या काय आणि दहा वेळा चालवल्या काय, सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकच. ‘पोस्ट’ला ही हमी नाही, वीजबिल भरण्याची ‘पोस्ट’ दोनदा गेली तर बिल दोनदा भरले जाऊ शकते. पैशांचे व्यवहार करणाऱ्या अनेक एपीआयमध्ये म्हणूनच रिक्वेस्टसोबत एक अनन्य किल्ली पाठवण्याची सोय असते. तीच किल्ली पुन्हा दिसली, की सर्व्हर नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत देतो.

मराठी मजकूर पाठवताना ‘अक्षरे म्हणजेच बाइट’ हा गैरसमज लगेच उघडा पडतो. ‘पुणे’ हा शब्द युनिकोडमध्ये चार घटकांचा आहे: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १२. हाच शब्द पत्त्याच्या पॅरामीटरमध्ये गेला, की प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत रूपांतर होते आणि लांबी ३६ वर जाते. ‘कंटेंट-लेंग्थ’ हेडर हाताने लिहिताना १२ च्या जागी ४ लिहिले, तर सर्व्हर ‘प’ आणि उकाराचा एक तुटका बाइट एवढेच घेतो. उरलेले आठ बाइट त्याला पुढच्या रिक्वेस्टची सुरुवात वाटतात. म्हणून पॅरामीटर आणि बॉडी लायब्ररीच्या हवाली करावी, स्ट्रिंग जोडून पत्ता बनवू नये. येणाऱ्या मजकुरातही खोच आहे. सर्व्हरने साधा मजकूर पाठवला आणि कॅरेक्टर सेट सांगितला नाही, तर ‘रिक्वेस्ट्स’ तो आयएसओ ८८५९-१ समजते आणि एका ‘प’च्या जागी तीन अनोळखी चिन्हे उमटतात. बाइट शाबूत असतात, वाचन चुकलेले असते. रिस्पॉन्सच्या ‘एन्कोडिंग’ गुणधर्मात यूटीएफ-८ लिहिले, की ‘पुणे’ परत येते.

पीएचपीच्या पीएसआर-७ या प्रमाणकात आणखी एक फसगत ठरलेली आहे. तिथला रिक्वेस्ट ऑब्जेक्ट बदलत नाही. ‘विथ-हेडर’ ही मेथड नवा ऑब्जेक्ट परत करते. तो व्हेरिएबलमध्ये ठेवला नाही, तर त्या हेडरमधल्या ओळखीच्या टोकनविना रिक्वेस्ट जाते आणि सर्व्हर ४०१ देतो.

अशा कोडची चाचणी खऱ्या सर्व्हरशिवाय घेता येत नाही, ही समजूतही खरी नाही. क्लायंट क्लासच्या आत तयार न करता कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून दिला, तर चाचणीच्या वेळी त्याच्या जागी नकली क्लायंट बसवता येतो. तो ४२९ (‘फार रिक्वेस्ट झाल्या’) पाठवेल आणि सोबत ‘रीट्राय-आफ्टर’ हेडर देईल. त्या हेडरमध्ये कधी सेकंदांचा आकडा असतो, तर कधी तारीख आणि वेळ. दोन्ही वाचून कोड खरोखर तेवढा वेळ थांबतो की नाही, हे नेटवर्कला हातही न लावता तपासता येते.