पाहुण्यांची खोली कमी खर्चात कशी सजवाल? पैसा आधी कुठे घालायचा, ते समजून घ्या

दिवाळी, लग्नसराई किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की घरातल्या त्या एका खोलीची आठवण होते. वर्षभर तिथे इस्त्रीचे कपडे, रिकाम्या सुटकेस, बिघडलेला टेबल फॅन आणि न उघडलेली खोकी पडून असतात. गावाहून आईवडील किंवा मावशी-काका येणार म्हटले, की घाईघाईत रंग, नवे पडदे आणि भिंतीवरच्या स्टिकरवर खर्च होतो. पाहुण्यांना मात्र पहिल्याच रात्री कुबट वास येतो, नाही तर गादी पाठीला टोचते. ते बोलून दाखवत नाहीत, फक्त दोन दिवस आधीच परततात. म्हणून पैसे किती आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने खर्च होतात, हे महत्त्वाचे.

पहिले काम फुकटचे

खोली आधी पूर्ण रिकामी करावी. वर्षभर हात न लागलेल्या वस्तू भंगारात द्याव्यात किंवा गरजूंना द्याव्यात. कपाटातला एक कप्पा आणि दाराजवळ बॅग ठेवण्यापुरती जागा मोकळी राहिली पाहिजे. खोली रिकामी झाली, की भिंतीही दिसतात.

भिंत ओली आहे का?

रंगाचा पोपडा सुटला असेल किंवा भिंतीवर पांढरा लोणा आला असेल, तर त्यावर पुट्टी आणि रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटतात.

तपासणी सोपी आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीच्या आतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवा कोंडली आहे. खिडकी रोज उघडली तरी फरक पडतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वसनाचे त्रास आणि दमा यांचा धोका वाढतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. त्यामुळे रंगाऱ्याला बोलावण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्यावा.

रंग किती लागेल?

१० बाय १० फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरू. चार भिंतींचे क्षेत्रफळ ३८० चौरस फूट होते. दार-खिडकीचे सुमारे ४० वजा केले, की उरतात ३४०. एक लिटर रंगात दोन हात किती जागेवर बसतात, ते डब्यावर लिहिलेले असते. समजा ते १०० चौरस फूट आहे, तर ३.४ लिटर लागतील. म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरतो. छताचा हिशेब वेगळा.

भिंत कोरडी आणि धड असेल, तर पॉलिश पेपरने घासून, भोके बुजवून, तेवढ्याच जागी प्रायमर लावून घरच्या घरी रंगवता येते. छोट्या खोलीला फिकट रंग बरा, उजेड वाढतो.

सर्वांत जास्त पैसे गादीवर

हातातल्या रकमेतील निम्मा वाटा झोपेसाठी ठेवावा. जुनी कापसाची गादी दबली असेल तर लगेच टाकू नये. कापूस पिंजून, नवी खोळ घालून ती पुन्हा वापरता येते आणि नव्या गादीपेक्षा स्वस्त पडते.

पलंग किंवा दिवाण जुन्या बाजारातून घेण्यात गैर काही नाही. मात्र सांध्यांत ढेकूण आणि लाकडात वाळवी आहे का, हे उजेडात पाहून घ्यावे. वापरलेली गादी मात्र बाहेरून आणू नये.

ज्येष्ठ येणार असतील तर

- गादीवर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. त्यासाठी गादीसह सुमारे १८ ते २० इंच उंची सोयीची पडते.
- पलंगावरून हात पोहोचेल असा दिव्याचा स्विच किंवा उशाशी टॉर्च असावी.
- बाथरूमपर्यंतच्या वाटेवर नाइट लॅम्प लावावा. सटकणारी पायपुसणी आणि वायरी काढून टाकाव्यात.
- मोबाइल आणि चष्मा ठेवायला उशाशी छोटे स्टूल, जवळ चार्जिंगचा पॉइंट आणि पाण्याचा तांब्या असावा.

पडदे घरातच आहेत

पडद्याचे कापड खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दुप्पट असले, की चुण्या चांगल्या पडतात. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून साडेचार फूट लांबीचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे चार फुटी खिडकीला पुरतात. म्हणजे एका साडीत दोन खिडक्या. खर्च फक्त शिलाईचा. पलंगावर सोलापुरी चादर किंवा घरची गोधडी अंथरली, की वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

दिव्यांत एखादा पिवळसर प्रकाशाचा एलईडी बल्ब ठेवावा. पांढरा झगझगीत उजेड झोपण्याच्या खोलीत डोळ्यांवर येतो.

भाड्याचे घर असेल तर

रंग किंवा ड्रिलिंग करण्याआधी मालकाची परवानगी मेसेजवर तरी घ्यावी. नाही तर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याची भीती असते. गादी, पडदे, दिवा आणि स्टूल मात्र सोबत नेता येतात. त्यामुळे भाडेकरूंनी खर्च यांवरच करावा.

शेवटची तपासणी

सगळे झाले, की पाहुणे येण्याआधी घरातल्याच कुणीतरी त्या खोलीत एक रात्र झोपून पाहावे. पंखा कुरकुरतो का, डास कुठून येतात, पहाटे तोंडावर ऊन येते का, हे तेव्हाच कळते. यातील बरीच दुरुस्ती थोडक्या पैशांत होते. पाहुण्यांनी आणखी दोन दिवस राहावे असे वाटत असेल, तर ती आधी करावी आणि भिंतीवरची फ्रेम नंतर लावावी.