पूर, लस आणि ऐकीव गोष्टी

कोल्हापुरात पावसाळ्यातले दोन आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली आणि त्यानंतर नदीकाठच्या गावांनी तयारी अंगवळणी पाडून घेतली. जनावरं आधी हलवायची, गॅसची टाकी माळ्यावर चढवायची, सातबारा-आधार प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. या यादीत लस मात्र नसते. ती आठवते पाणी ओसरल्यावर, चिखल उपसताना पायात पत्रा घुसला की, नाहीतर शेजारी कुणाचे डोळे पिवळे दिसले की. मग आरोग्य पथकापुढे रांग लागते आणि मागणी एकच असते, काहीतरी टोचा.

खरं तर पुरासाठीच्या लसींचा निर्णय उन्हाळ्यातच व्हायला हवा. बहुतेक लसींचा परिणाम अंगात उतरायला दोन आठवडे तरी जातात, काहींचे दोन-तीन डोस असतात. घेण्याजोग्या लसींची यादीही लोकांना वाटते तेवढी लांब नाही. ज्या रोगांची धास्ती सगळ्यात जास्त, त्यांतल्या काहींवर आपल्याकडे लसच नाही, आणि छावणीत जिची खरी गरज पडते ती सहसा कुणी मागत नाही. गोंधळ कुठे कुठे होतो ते पाहू.

“लागलं की टीटी मारायचं, विषय संपला”

टीटी म्हणजे धनुर्वाताची लस. धनुर्वाताचा जंतू गंजात राहत नाही. त्याचे बीजाणू मातीत, शेणात, रस्त्यावरच्या धुळीत असतात. गंजलेला खिळा बदनाम झाला तो खोल घुसतो म्हणून. हवा न लागणाऱ्या खोल जखमेत हा जंतू वाढतो. बाभळीचा काटा किंवा उसाचा धारदार बुडखाही तेच काम करतो. बीजाणू किती चिवट असतात याचा एक जुना, वाईट पुरावा आहे. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, त्यांच्या कारकिर्दीवर १९०२ साली एक डाग पडला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिनवर आला, नोकरीवर गदा आली. चूक लस बनवण्यात नव्हती. ती एक बाटली गावात उघडताना दूषित झाली होती आणि ती उघडायचा चिमटा त्याआधी जमिनीवर पडला होता, असं पुढे निघालं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

आता जखमेनंतरच्या इंजेक्शनचं. ते जखमेतल्या विषाचा नाश करत नाही. आधी शिकलेल्या शरीराला ते आठवण करून देतं. लहानपणीचे डोस पूर्ण झालेल्या माणसात काही दिवसांत प्रतिपिंडं भराभर वाढतात आणि रोग उभा राहायला साधारण आठवडाभर लागत असल्यामुळे गाडी वेळेवर पोहोचते. पण ज्यानं कधीच पूर्ण डोस घेतलेले नाहीत, त्याला त्या एका इंजेक्शनाचा त्या जखमेपुरता फारसा उपयोग नसतो. त्याला तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, द्यावं लागतं. रस्ते पाण्याखाली असताना ते कुठे मिळेल, हा वेगळाच प्रश्न. पन्नाशी-साठीतल्या शेतकऱ्याला विचारा, तुमचे मूळ तीन डोस झालेत का? उत्तर बहुधा “टीटी घेतलेलं हाय की, मागं कवातरी” असं येतं. बायकांना निदान बाळंतपणात मिळालेलं असतं.

उलट टोकाची मंडळीही आहेत, दर खरचटीला टीटी घेणारी. मूळ डोस पूर्ण असतील तर दहा वर्षांतून एक पुरतो. घाणेरडी, खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर एक द्यायचा. सारखं टोचून घेतल्यानं संरक्षण वाढत नाही, दंड मात्र टरारून सुजू शकतो. एकदा धनुर्वात होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, ही समजूतही खोटी. रोग आणणारं विष इतकं अल्प असतं की शरीर त्यातून काही शिकत नाही. बरा झालेल्यालाही लस लागते.

पाणी ओसरल्यावर सरसकट गावाला टोचावं, हा आग्रहही सोडायला हवा. नुसत्या पुराच्या पाण्यात उभं राहून धनुर्वात होत नाही, जखमेतून होतो. सुई आधी जखमी माणसाला आणि चिखल-पत्रे उपसणाऱ्याला. आणि जखम साबणपाण्यानं धुणं हे इंजेक्शनाइतकंच महत्त्वाचं आहे, जे रांगेच्या गडबडीत हमखास राहून जातं. सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून टीटीऐवजी टीडी दिलं जातं. त्यात घटसर्पापासूनचं संरक्षणही येतं. रांगेत अजून सगळे टीटीच म्हणतात, म्हणोत.

“काविळीची लस घेतलीय आम्ही”

मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. घेतलेली असते बहुतेक वेळा हिपॅटायटिस बीची. ती उत्तम लस आहे, पण बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला. पाण्यातून नाही. पुरात येते ती ए किंवा ई.

एची लस आहे. जुन्या पिढीतल्या बहुतेकांना तो लहानपणीच, नकळत होऊन गेलेला असतो, म्हणून आजोबांना ती सहसा लागत नाही. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी नातवाला मात्र ती घेण्यात अर्थ आहे.

मोठ्या साथी आणतो तो ई. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी थेट वझीराबादच्या पाणी उपशापर्यंत पोहोचलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी ती साधी कावीळ मानली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढे तपासल्यावर ती एची नव्हती हे कळलं, आणि आज ती साथ ईची म्हणून ओळखली जाते. आपल्याकडेही पंचगंगेकाठी, इचलकरंजीत, २०१२ साली काविळीची मोठी साथ आलीच होती. ई एरवी आपोआप बरा होतो, पण गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाला तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावू शकतात.

याची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली. साथ आटोक्यात आणायला ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या छावणीत. आपल्या दवाखान्यात ती मिळत नाही. म्हणजे इथे उरतं ते पाणी: खळखळून उकळलेलं, किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) योग्य प्रमाणात टाकलेलं. घरात गरोदर बाई असेल तर ती पूर येण्याआधीच कोरड्या गावी नातेवाइकांकडे गेलेली बरी. तिच्यासाठी याच्या तोडीची लस आज आपल्याकडे नाही.

पाण्यातून येणाऱ्या रोगांत विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, नवी संयुग लस मात्र खरोखर कामाची आहे. सार्वजनिक कार्यक्रमात ती देण्याची जगातली पहिली मोहीम २०१८ साली नवी मुंबई महापालिकेनं राबवली आणि एक लाखाहून अधिक मुलांना टोचलं, हे नवी मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं.

“लेप्टोची पण लस असेलच”

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस माणसांसाठी आपल्याकडे वापरात नाही. कुत्र्यांना मिळते, त्यामुळे घोटाळा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टो फोफावला आणि तेव्हापासून हे नाव घरोघरी गेलं. इथे उपयोगी पडते ती गोळी. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावं, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांना वेगळं औषध असतं, म्हणून शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी पोराला देऊ नये.

“सापाची लस टोचून ठेवली तर?”

ट्रेकवाले आणि पूरग्रस्त, दोघेही हे विचारतात. दोष थोडा बातम्यांचाही आहे, “रुग्णालयात सर्पदंशाची लस नाही” असं त्यात छापून येतं. ती लस नव्हे, प्रतिविष आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्यांना थोडं थोडं वाढवत टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून शुद्ध करतात. ते चावल्यानंतर, विषबाधेची लक्षणं दिसली की शिरेतून द्यायचं औषध आहे, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. आधी टोचून ठेवलं तर काही दिवसांत अंगातून निघून जाईल, वर घोड्याच्या प्रथिनांची रिअॅक्शन येण्याचा धोका. पूरकाळात यासाठी एवढंच माहीत हवं की प्रतिविष असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं आणि पाणी आलं तर तिथे कुठल्या रस्त्यानं जायचं.

कुत्रा चावण्याचं, म्हणजे रेबीजचं, प्रकरण वेगळं आहे. तिथे लस चावल्यानंतरही चालते आणि आधीही घेता येते. पोटातली १४ इंजेक्शनं हा भूतकाळ झाला. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर, सरकारी दवाखान्यात चार खेपांत काम होतं: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. जखम मात्र पहिल्यांदा नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं धुवायची. पुरात अडकलेली जनावरं सोडवणाऱ्या बोटीवरच्या पोरांनी आगाऊ तीन डोस घेऊन ठेवावेत. मग प्रत्यक्ष चावा झाला तर दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी धावाधाव करावी लागत नाही.

“मढी कुजली की साथ येते, सगळ्यांना टोचा”

किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ साली ही भीती सगळीकडे होती आणि प्रत्येक आपत्तीत ती परत येते. अपघातानं, बुडून, ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसांच्या देहांतून साथ पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगत आली आहे. घाईनं सामुदायिक दहन-दफन केल्यानं ओळख पटायची राहते, एवढंच नुकसान होतं. देह हाताळणाऱ्यांना हातमोजे हवेत आणि हिपॅटायटिस बीची लस, ती इथे खरी कामाला येते.

साथ येते ती जिवंत माणसं दाटीनं राहिल्यामुळे. शाळेच्या एका वर्गात आठ कुटुंबं, पोरं अंगाला अंग लावून झोपलेली. अशा जागी एका गोवराच्या मुलापासून, लस नसलेल्या १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. म्हणून विस्थापितांच्या छावण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत पहिली लस गोवराची आहे, सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना, सोबत पाच वर्षांखालच्यांना अ जीवनसत्त्व. आपल्याकडे लोक कॉलऱ्याला घाबरतात, गोवराला “बाळाला आलाय, निघून जाईल” म्हणतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत तो असा निघून गेला नाही, मुलं दगावली. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, असे दोन्ही एमआर (गोवर-रुबेला) डोस झाले आहेत का, हे मे महिन्यात कार्ड काढून बघण्याचं काम पाच मिनिटांचं आहे.

“चार कुप्या आणून फ्रीजमध्ये ठेवू”

ठेवू नका. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते आणि पुरात पहिली जाते ती वीज. शिवाय घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलेली टीडी गोठली की बाद, पुन्हा वितळली तरी. सरकारी कार्यक्रमातल्या कुपीवर एक लहानसा गोल असतो आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकायची. नर्सताईंना ती कुपी दाखवायला सांगा, त्या नाही म्हणत नाहीत. पण हा चौकोन उष्णतेचाच हिशेब ठेवतो, गोठल्याचा नाही.

एका दिवशी दोन-तीन लसी घेतल्यानं प्रतिकारशक्ती थकते, असंही ऐकू येतं. तसं होत नाही. टीडी आणि टायफॉइड एकाच सकाळी दोन दंडांवर घेता येतात; किरकोळ सर्दी-पडसं असलं तरी अडत नाही.

मोठ्या माणसाकडे कार्ड नसेल आणि आठवतही नसेल, तर डोस झालेच नाहीत असं धरून टीडीची सुरुवात करायची. एप्रिलच्या सुरुवातीला पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा, तिसरा सहा महिने ते वर्षभरानं. म्हणजे दोन डोस पावसाआधी बसतात आणि तिसरा दिवाळीनंतर. गरोदर बाईला टीडी चालतं, किंबहुना द्यायचंच असतं. गोवराची लस मात्र तिला देत नाहीत, ती लग्नाआधी किंवा बाळंतपणानंतर.